पितळी पंप आणि न आलेला तांबेरा

मित्रांनो, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आयुष्य काढलेला मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. पाठीवर बसून फिरणाऱ्याला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. पण सोळा लिटर कडू पाणी पोटात घेऊन ढेकळांतून हिंडायचं आणि ते सगळं तोंडानं परत फुंकून टाकायचं, हे काम चाळीस वर्षं केलं की पितळसुद्धा शिणतं. आता मी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. खाली एक शेळी बांधलेली असते. तिला माझा वास आवडत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

आमचं गाव अकोला-अकोट रस्त्याला लागून आहे. मला महादेवरावांनी अकोल्याहून आणलं, ते एसटीच्या टपावर बांधून. त्या काळी गावात पितळी पंप म्हणजे अपूर्वाईच. माझ्या चकचकीत अंगात पोरं आपापली तोंडं पाहायची आणि वेडीवाकडी दिसली की खिदळायची. दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची, कुंकवाचं बोट लागायचं. दिसायला मी पितळेचा, पण माझा खरा जीव आत आहे. चामड्याची एक वाटोळी चकती, वाटीसारखी. तिला वायसर म्हणतात. दांडा खालीवर केला की तीच पाण्याला दाबते आणि मग माझ्या तोंडातून फवारा निघतो. महादेवराव दर आठ दिवसांनी ती चकती काढून गोडं तेल चोळायचे. इतक्या मायेनं की त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणायच्या, "मायं डोकं दुखते तं तेल नाई लावत, अन् त्या पंपाले मालिश चालली हाये!"

मनकर्णाबाई गेल्या. मग प्लॅस्टिकचे पंप आले, मग बॅटरीवाले आले. महादेवरावांचा मुलगा किशोर एक बॅटरीवाला निळा पंप घेऊन आला. बटण दाबलं की तो आपोआप फवारायचा आणि वरून गुणगुणायचासुद्धा. मी खुंटीवर गेलो. चार वर्षं माझ्या पट्ट्यात कोळ्यानं संसार थाटला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मीही मनात म्हणायचो, एक दिवस याची बॅटरी बसेल आणि मला हाक येईल. ती हाक यंदा आली. आता वाटतं, आली नसती तर बरं झालं असतं.

यंदाच्या गव्हाबद्दल सांगतो. किशोरनं दोन एकरांत नव्या वाणाचा, पिशवीतल्या बियाण्याचा गहू पेरला होता. कमरेएवढा, एकसारखा, हिरवागार. त्याला तो वेळेवर पाणी द्यायचा, खत द्यायचा. त्याच्या बाजूला, धुऱ्याला म्हणजे शेताच्या बांधाला लागून, बन्सी गव्हाची बारा तासं होती. तासं म्हणजे ओळी. तो पट्टा महादेवरावांचा. बन्सी जुनं वाण आहे. काळ्या जमिनीत पावसाची जी ओल उरते तिच्यावरच तो येतो, वरून पाणी मागत नाही. पिकतो थोडाच. पण चैत्रात मारुतीच्या देवळापाशी गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण होतं ना, त्याचं जाडं पीठ याच गव्हाचं लागतं. गावात बाकी सगळ्यांनी बन्सी सोडून दिला. बी उरलं होतं ते एकट्या महादेवरावांकडे.

त्याच धुऱ्यावर पौष महिन्यात एक नवा पाहुणा आला. कृषी विद्यापीठात शिकणारी रागिणी नावाची मुलगी अकोल्याहून आली, तिनं एक बांबू रोवला आणि त्यावर पांढरा डबा टांगला. गावात कोणी त्याला कॅमेरा म्हणालं, कोणी पाऊस मोजायचं यंत्र. मला तर त्याचा रागच आला. हा ना फवारतो, ना नांगरतो, ना पाणी ओढतो. नुसता हवा हुंगत उभा. असलं काम मिळायला नशीब लागतं, असं मी मनात म्हटलं.

माघ लागला आणि किशोरच्या गव्हाच्या पानांवर ठिपके दिसू लागले. बारीक, फिकट, मग तांबूस. खालच्या पानांपासून सुरू झाले आणि वर चढू लागले. किशोर घाबरला. त्यानं चार पानं तोडली, मोटरसायकलच्या डिकीत टाकली आणि बाजारात कृषी केंद्रावर नेली. मित्रांनो, चूक झाली ती तिथे. डिकीत तापून पानं पार वाळून गेली होती. दुकानदारानं चुरगळलेली तपकिरी पानं पाहिली आणि गव्हावर तपकिरी म्हणजे तांबेरा रोग, असं सांगून औषधाची बाटली पुढे केली. किशोरनं घरी येऊन निळा पंप चालू केला. तो गुणगुणलाच नाही. बॅटरी बसली होती. मग मला खुंटीवरून उतरवलं.

महादेवरावांनी माझा वायसर तेलात भिजवला. किशोरची बायको गीतांजली विहिरीचं पाणी आणून ओतायची, किशोर दांडा मारायचा. एकदा फवारलं. ठिपके थांबले नाहीत. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. नव्या गव्हावर, बन्सीवर, सगळीकडे. तिसऱ्या फवारणीनंतर किशोर धुऱ्यावर येऊन मटकन बसला. डोळे लाल झाले होते. माझ्या झाकणातून थोडं औषध गळून त्याच्या पाठीवर उतरलं होतं. मी म्हातारा झालो होतो, झाकण घट्ट बसत नव्हतं, पण सांगणार कोणाला? गीतांजलीनं त्याच्या पाठीवर साबण चोळता चोळता म्हटलं, "आता पुरे करा. गहू वाचन का नाई वाचन, तुमी पयले वाचा."

"एक डाव अजून मारतो," किशोर म्हणाला. "नाई तं सगया दाना पोचट होईन."

त्याच दिवशी शेजारच्या शेतातले खुशालराव आले. उभ्या उभ्या पाहून ते म्हणाले, "अरे, घरातच चोर ठेवून तू कुलपं लावून राहिला. हा तुया बापाचा जुना गहू हाये ना, त्याच्यावरच तांबेरा उतरते अन् मंग पसरते. आदी तो काढ."

ही गोष्ट किशोरच्या मनात पक्की बसली. जुन्या गव्हाला तांबेरा लवकर धरतो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. त्यानं वडिलांना सांगून टाकलं, "बाबा, रविवारी बन्सी कापतो. हिरवा हाये तोवर म्हशीले होईन."

महादेवराव एवढंच म्हणाले, "म्हशीले कडबा कमी पडला का रे?"

"तुमच्या बारा तासासाठी मी दोन एकर घालवू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवराव शेतात आले ते धुतलेलं, निळीतून काढलेलं पांढरं धोतर नेसून. सणासुदीचं धोतर. तांबेरा ओळखायची जुनी रीत होती ही. तांबेरा आलेल्या गव्हातून पांढरं धोतर नेसून चाललं की रोगाची भुकटी लागून धोतर गुडघ्यापर्यंत नारिंगी होतं, कुंकू सांडल्यासारखं. महादेवरावांचे गुडघे कधीचे कामातून गेलेले. तरी ते आधी बन्सीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग नव्या गव्हातून. दोनदा थांबले, काठीवर भार देऊन उभे राहिले, परत निघाले. मी धुऱ्यावर पडून पाहत होतो. बाहेर आले तेव्हा धोतराला दव लागलं होतं, थोडी माती, थोडा हिरवा डाग. नारिंगी रंगाचा कणही नव्हता.

"पाह्य," ते म्हणाले. "कुठी हाये तुया तांबेरा?"

किशोरनं पाहिलं. क्षणभर तो गोंधळला. मग म्हणाला, "तीन डाव फवारलं ना बाबा. भुकटी मेली असन. धोतर पांढरंच राहीन."

मित्रांनो, या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. माझ्यामुळेच महादेवरावांचा पुरावा फुका गेला. म्हातारा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी दोन एकर चालला आणि तोंडघशी पडला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी किशोरनं चौथ्या फवारणीसाठी मला भरलं आणि दांडा मारला. माझ्यातून फवारा नाही, थेंबही नाही. त्यानं परत मारला. नुसता फसफस आवाज. मला उघडून पाहतो तर आत वायसरच नाही! त्यानं गोठा धुंडाळला, कोनाडे पाहिले, शेळीखालचा चारा उपसला.

"उंदरानं नेला," तो चिडून म्हणाला. "चामड्याले तेल लावून ठेवा अजून!"

महादेवराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मला तर सगळं माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर घेतलं होतं, वायसर काढला होता, पुसला होता आणि बंडीच्या आतल्या खिशात टाकला होता. जाताना माझ्या पाठीवर एक थाप मारली होती. पंपाला बोलता येत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं.

किशोर एसटीनं अकोटला गेला. तिथे दुकानोदुकानी फिरला. सगळे हसून म्हणाले, असा वायसर आता कोण ठेवतं? एकानं तर मला मोडीत घालायचा सल्ला दिला. संध्याकाळी तो रिकाम्या हातानं, तापलेल्या डोक्यानं परत आला. आणि रविवारी सकाळी विळा घेऊन सरळ बन्सीच्या पट्ट्यात शिरला.

मी धुऱ्यावरच होतो. शनिवारी भरलेलं औषध त्यानं धुऱ्यावर आणून ओतलं होतं आणि मला तिथेच आडवं टाकलं होतं. विळ्याचा आवाज येऊ लागला. एक तास गेलं. दुसरं, तिसरं. महादेवराव बांबूला टेकून उभे होते. ओरडले नाहीत, आडवेही गेले नाहीत. नुसते पाहत होते. सहा तासं आडवी झाली तेव्हा रस्त्यावर ऑटो थांबला आणि त्यातून पाठीवर पिशवी घेतलेली रागिणी उतरली. तिला आपल्या डब्याच्या नोंदी घ्यायच्या होत्या.

ती आली, नमस्कार केला, आणि कापलेल्या गव्हाकडे पाहून थबकली. "काका, हा कोणता गहू आहे?"

"बन्सी," किशोर न थांबता म्हणाला. "तांबेरा हाये."

"कुठं आहे?"

किशोरनं विळ्यानं दाखवायला पान पकडलं. मग दुसरं. मग तिसरं. मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा त्यानं बन्सीचं पान हातात घेऊन पाहिलं. इतके दिवस तो नव्या गव्हाचे ठिपके पाहत होता आणि दोष बन्सीला देत होता. बन्सीच्या पानांवर ठिपके नव्हतेच म्हणा ना. असले तर चार-दोन.

रागिणी नव्या गव्हात गेली आणि एक पान तोडून आणलं. "यावरून बोट फिरवा, काका. जोरानं."

किशोरनं फिरवलं. बोट स्वच्छ.

"भुकटी मेली असन," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"तांबेरा मेला तरी फोड राहतो. हाताला खरबडीत लागतो. हे पान गुळगुळीत आहे." तिनं आणखी एक पान दाखवलं. त्याच्यावर दुसरं पान आडवं पडलेलं होतं. तिनं वरचं पान उचललं. खाली त्या पानाच्या आकाराचा स्वच्छ हिरवा पट्टा होता, बाकी सगळीकडे ठिपके. "रोग असता तर सावलीतही आला असता. हे उन्हातल्या हवेनं झालंय."

"हवेनं?" महादेवरावांनी विचारलं.

"हो, आजोबा. ओझोन म्हणतात त्याला. हा डबा तोच मोजतो."

मग तिनं धुऱ्यावर बसून सांगितलं. ओझोन आकाशात खूप उंचावर असतो तेव्हा छत्रीसारखा उपयोगी. पण गाड्यांचा धूर, शेतातल्या जाळाचा धूर उन्हात तापला की तोच ओझोन इथं खाली, आपल्या नाकाशी तयार होतो. शहराचा धूर वाऱ्यानं शेतावर येता येता शिजत जातो. दिसत नाही. त्याला रंगही नाही. दुपारी सगळ्यात जास्त असतो. गव्हाच्या पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो आत जातो आणि पान वेळेआधी म्हातारं करतो. मग दाणा भरत नाही.

"मंग बन्सीले कावून नाई झालं?" किशोरनं विचारलं.

"तुमचा नवा गहू भराभर वाढतो, पोटभर पाणी पितो, म्हणून छिद्रंही मोठी उघडून बसतो. बन्सीला पाणी कमी. तो दुपारी छिद्रं मिटून घेतो. म्हणजे थोडं पाण्याचं, थोडं वाणाचं. सगळीच जुनी वाणं टिकतात असं नाही, काका. काही नवीही टिकतात. आम्ही विद्यापीठात ती शेजारी शेजारी पेरून पाहतोय. पण हा बन्सी मला कुठंच मिळाला नव्हता." मग ती कापलेल्या ढिगाकडे पाहून हळूच म्हणाली, "बी उरेल ना?"

किशोरनं विळा मातीत खुपसला. मग त्यानं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "मंग याच्यावर मारू काय? औषध सांग."

"औषध नाही, काका. याच्यावर फवारायला काहीच नाही."

मित्रांनो, चाळीस वर्षांत असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. अळी असो, मावा असो, तांबेरा असो, माझ्या पोटात काही ना काही भरून लोक निघायचे. आणि आता असं एक दुखणं आलं होतं, ज्यासाठी माझ्या पोटात घालायला काही नव्हतं. तीन वेळा मी जे फुंकलं ते गव्हासाठी नव्हतंच. ते नुसतं मातीत गेलं, विहिरीकडे गेलं, किशोरच्या पाठीत गेलं. मला माझी लाज वाटली. आणि खरं सांगू, त्या बांबूवरच्या डब्याचा राग तिथेच गेला. तो काही न करता उभा होता म्हणूनच त्याला कळलं. मी राबत होतो आणि मला काही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मला परत खुंटीला टांगलं. समोरच्या ओट्यावर महादेवरावांनी बंडीतून वायसर काढला आणि किशोरपुढे ठेवला.

"तो उंदीर मीच होतो," ते म्हणाले. "ठेव. कापसाले लागन."

गीतांजलीला हसू आवरेना. किशोरनं वायसर हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. चामडं मऊ होतं. खिशात ठेवूनही म्हाताऱ्यानं त्याला तेल लावलेलं होतं. किशोरला हसू आलं नाही. "बाबा," तो म्हणाला, "तुमी आडवे कावून नाई झाले? कापू कावून देल्ले सहा तासं?"

"चालून दाखवलं ना बापू," महादेवराव म्हणाले. "अजून किती चालू?"

किशोरनं मान खाली घातली. त्याचे डोळे भरून आले, ते मी खुंटीवरून पाहिलं.

फाल्गुनात गहू निघाला. नव्या गव्हाचे दाणे सुपात घेतले तेव्हा बारीक, चिमलेले निघाले. पोती भरली, पण वजनाला हलकी. ठिपके पडून गेलेल्या पानांचं पुढे काही करता आलं नाही. उरलेल्या सहा तासांतला बन्सी थोडाच निघाला, पण दाणा लांब, टपोरा, मधाच्या रंगाचा. महादेवरावांनी ते सणाचं धोतर मधोमध फाडलं आणि त्यात राखेत घोळलेलं बी बांधलं. एक मूठ रागिणीला दिली.

चैत्रात देवळापाशी रोडगे झाले. लोकांनी विचारलं, यंदा बन्सीचं पीठ कुठं आहे? किशोर सगळ्यांसमोर उभा राहिला. "यंदा पीठ नाई," तो म्हणाला. "अर्धा मी म्हशीले घातला. उरला तो बी हाये. पुढच्या साली प्रत्येकाच्या धुऱ्यावर दोन-दोन तासं पेरा, मंग रोडगे खा." आपली चूक चारचौघांत सांगायला फार बळ लागतं, मित्रांनो.

गहू निघाल्यावर शेतातली धसकटं, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या एका जागी ढीग करून पेटवून द्यायची आमच्याकडे रीत आहे. खुशालरावांनी आपला ढीग पेटवला. धूर सरळ वर गेला आणि अकोल्याकडून येणाऱ्या धुरात मिसळला. किशोर आपल्या ढिगापाशी आगपेटी घेऊन उभा राहिला. काडी काढली. धुऱ्यावरच्या डब्याकडे पाहिलं. मग काडी परत आगपेटीत ठेवली आणि गीतांजलीला हाक मारून म्हणाला, "खड्ड्यात टाकू. खत होईन." त्याच्या एकट्याच्या न जाळण्यानं आकाश काही निवळणार नाही, हे मला कळतं. रस्त्यावरचे ट्रक थांबलेले नाहीत. मी म्हातारा आहे, मला भाबडी आशा परवडत नाही. तरी त्या दिवशी आमच्या शेतातून धूर निघाला नाही, एवढं खरं.

बियाण्याचं गाठोडं घरात, माझ्यापासून लांब, उंच फळीवर आहे. तसंच असायला हवं. माझ्या अंगाला लागलेलं विष धुतलं तरी जात नाही. माझ्या शेजारी दाणा ठेवू नका, पाणी ठेवू नका, आणि माझ्याशी खेळूही नका. माझं झाकण गळत असेल तर मला कोणाच्या पाठीवर देऊ नका.

आता डोळे मिटावेसे वाटतात. पण एक सांगून ठेवतो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, शेतात उभे राहाल, पानावर ठिपके दिसतील आणि तुम्ही घाईघाईनं माझ्यासारख्या कोणाला तरी खुंटीवरून उतरवाल. मित्रांनो, मला भरण्याआधी पानावरून एकदा बोट फिरवून पाहा. बोट स्वच्छ निघालं, तर मला खुंटीवरच राहू द्या, आणि आपल्या हातात आगपेटी आहे का, ते पाहा.